मायेचे घर आणि लवकरचे लग्न : काही भारतीय संहितांतील संगोपनाचे रूप

भारतीय भाषांतील बालविवाहविषयक लेखनाचा तौलनिक विचार आपल्याकडे प्रामुख्याने सुधारणेच्या इतिहासाच्या अंगाने झालेला आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १९२९ चा सारडा कायदा, त्यामागील वादविवाद आणि या वादांचे कादंबरी-नाटकांत उमटलेले पडसाद, असा त्या अभ्यासाचा साधारण क्रम असतो. या अभ्यासाचे मोल निर्विवाद आहे. मात्र या चौकटीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. कोवळ्या वयातील लग्न स्वीकारणारे, किंबहुना कित्येकदा त्याची हौसेने वाट पाहणारे मूल घरात कसे घडते? लग्न ठरवणारी माणसे या लेखनात ठळक दिसतात. लग्नाला तयार झालेले मूल मात्र गृहीत धरले जाते. प्रस्तुत निबंधात बंगाली, गुजराती व मराठी या तीन भाषांतील काही संहितांच्या आधारे या तयारीचा, म्हणजेच संगोपनाचा, शोध घ्यावयाचा आहे.

संगोपनाच्या शैलींची जी वर्गवारी आज सर्वत्र वापरली जाते, तिचा पाया अमेरिकेतील बर्कली येथे डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात घातला. हुकमत गाजवणारे पालक, शिस्त व संवाद यांची सांगड घालणारे पालक आणि मोकळीक देणारे पालक हे तिचे तीन वर्ग. उपेक्षा करणाऱ्या पालकांचा चौथा वर्ग मॅकोबी व मार्टिन यांनी १९८३ मध्ये स्पष्ट केला. ही वर्गवारी हाताशी घेऊन आपल्या संहितांकडे वळले की पहिलीच अडचण उभी राहते ती ‘पालक’ या शब्दाची. येथे पालक ही दोन माणसे नसतात. आजी, आत्या, थोरला भाऊ, चुलता, विधवा मावशी अशा अनेकांच्या हातून मूल वाढते. एकाची हुकमत आणि दुसऱ्याची माया एकाच ओसरीवर नांदत असतात. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. कठोर घरातून मूल लग्नात ढकलले जाते आणि प्रेमळ घर त्याला वाचवते, अशी जी अपेक्षा ही वर्गवारी आपल्या मनात नकळत निर्माण करते, ती या संहिता पुरी करत नाहीत. त्यांतील बहुतेक घरे अतिशय प्रेमळ आहेत, आणि लवकरचे लग्न मुलाला स्वाभाविक वाटू लागते ते या प्रेमामुळेच. पुढे मोठेपणी लिहिताना लेखकापुढे जो पेच उभा राहतो तोही येथूनच निघतो. ज्यांच्यावर रागावता येत नाही अशा माणसांविषयी तक्रार करावयाची कशी?

राससुंदरी देवी यांच्या ‘आमार जीबन’पासून आरंभ करणे सोयीचे आहे. १८७६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक बंगालीतील आरंभीचे स्त्री-आत्मकथन म्हणून ओळखले जाते. वडील लहानपणीच वारल्यामुळे आईच्या पदराखाली वाढलेली ही मुलगी कमालीची भित्री होती. मुले पळवून नेणाऱ्या माणसाच्या भयाने ती गांगरून जाई आणि इतर मुलांनी छळले तरी मोठ्याने रडत नसे. भीती वाटली की कुलदैवत दयामाधवाला हाक मार, असे आईने तिला शिकविले होते. पुढे सारे आयुष्य ही हाक तिला पुरली. परंतु हीच शिकवण दुसऱ्या अंगाने पाहिली तर असे दिसते की संकटात माणसाकडे वळण्याऐवजी देवाकडे वळण्याची सवय या घराने तिला लावली. बाहेरच्या ओसरीवर मुलांची शाळा भरे. तेथे ती गप्प बसून राही आणि ऐकून ऐकून अक्षरे ओळखू लागे. पण आपल्याला काही येते हे तिने कोणालाही सांगितले नाही.

लग्नाचा प्रसंग या दृष्टीने पुनःपुन्हा वाचण्यासारखा आहे. घाटावरच्या बायकांच्या बोलण्यातून आपल्याला कोणी मागणी घालत आहे हे तिच्या कानावर पडते. ती घरी येऊन आईला विचारते, कोणी मागितले तर तू मला देऊन टाकशील काय? आई ती शंका झिडकारते, आणि तिचे डोळे भरून येतात. येथे कोणी खोटे बोलत नाही, कोणी दरडावत नाही. तरीही सत्य सांगितले जात नाही. पुढे दागिने, वाजंत्री, लाल वस्त्र यांनी ती मुलगी हरखून जाते. लग्न म्हणजे आपल्या घरात होणारा एक उत्सव, एवढाच अर्थ तिच्या हाती लागलेला असतो. तो उत्सव संपल्यावर आपल्याला दुसऱ्या गावी जावयाचे आहे हे ध्यानात येताच तिची अवस्था बळी देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या बकऱ्यासारखी होते. ही उपमा तिचीच आहे. बाराव्या वर्षी ती सासरी गेली. विशेष असे की सासूही मायाळूच निघाली. तिने या रडणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन समजावले. म्हणजे एका मायेच्या घरातून दुसऱ्या मायेच्या घरात, आणि तरी वाचक म्हणून आपल्याला जे दिसते ते कैदेचे चित्र आहे. पिंजऱ्यातील पक्ष्याची प्रतिमा या पुस्तकात आली आहे ती उगाच नव्हे. आईच्या अखेरच्या आजारात आपल्याला जाता आले नाही, याचे दुःख वर्षानुवर्षांनी लिहितानाही निवळलेले दिसत नाही. हे दुःख मांडताना ती दोष देते तो आपल्या स्त्रीजन्माला, आणि दाद मागते ती देवापाशी. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी येणारे ईशस्तवन हा केवळ भक्तिपरंपरेचा संकेत मानला जातो. मला ते तक्रारअर्ज सादर करण्याची जागा वाटते. आईने लहानपणी दिलेली हाकच येथे ग्रंथरचनेचे तत्त्व झाली आहे.

हाच पेच मुलग्याच्या बाजूने पाहावयाचा तर गांधीजींच्या आत्मकथेतील बालविवाहाचे प्रकरण हाताशी आहे. १९२५ पासून ‘नवजीवन’मधून गुजरातीत क्रमशः आलेल्या या आत्मकथेत तेराव्या वर्षी झालेल्या लग्नाचा वृत्तान्त येतो. थोरला भाऊ, एक चुलतभाऊ आणि मोहनदास अशी तिघांची लग्ने एकाच वेळी उरकली गेली. त्यामागे खर्चाची बचत होती आणि घरातील वडीलधाऱ्यांची आपल्या डोळ्यांदेखत एकदाची सारी हौस पुरवून घेण्याची इच्छा होती. वर झालेल्या मुलाला काय वाटले? चांगले कपडे, ढोलताशे, मिष्टान्न आणि खेळायला एक नवी मुलगी. हे गांधीजी लपवीत नाहीत. लग्नासाठी घाईने राजकोटहून पोरबंदरला येताना वडिलांची गाडी उलटली, ते जखमी झाले, आणि पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत त्यांनी सारे विधी पार पाडले. ते पाहूनही आपला आनंद कमी झाला नाही, हेही ते नोंदवतात.

या प्रकरणात वडिलांवर केलेली टीका अतिशय तोलून-मापून केलेली आहे. अशा लग्नाला नैतिक आधार सापडत नाही असे निखालस सांगायचे, आणि लगेच आपल्या पितृभक्तीची ग्वाही द्यायची, असा लेखणीचा झोका तेथे सारखा जाणवतो. अखेर दोषाचे माप स्वतःच्या विषयासक्तीच्या पदरात टाकले जाते. राससुंदरी ज्याप्रमाणे आईला वगळून देवाकडे जातात, त्याप्रमाणे गांधीजी वडिलांना ओलांडून स्वतःकडे येतात. दोहोंत आरोपीची जागा रिकामी राहते. दोन भाषांतील, दोन धर्मसंवेदनांतील आणि दोन लिंगांच्या लेखकांत हे साम्य दिसावे, याचे कारण प्रभाव-परिणामाच्या शोधातून मिळणार नाही. ते घराच्या वळणात आहे.

मराठीत या वळणाचा सर्वांत सूक्ष्म आविष्कार रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात आढळतो. अमराठी विद्यार्थ्यांच्या वर्गात हे पुस्तक शिकवताना पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो: विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ साली अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करण्यास नकार का दिला नाही? आपण मराठी माणसे या प्रश्नाने थोडे ओशाळतो आणि काळाचे कारण पुढे करतो. पण पुस्तक काळाचे कारण देत नाही. ते एका मुलाची आणि त्याच्या वडिलांची गोष्ट सांगते. पहिली पत्नी गेल्यावर महादेवराव सुधारकी पाऊल उचलतील या धास्तीने वडिलांनी घाईने मुलगी पाहिली; तिशी ओलांडलेला, न्यायासनावर बसणारा मुलगा त्यांच्यापुढे बोलला, विनवण्या केल्या, आणि नमला. या नमण्यात भ्याडपणा शोधणे सोपे आहे. खरे तर येथे संगोपन यशस्वी झाले आहे. वडिलांना दुखवणे हे ज्याच्या लेखी सर्वांत मोठे पाप अशा मुलाला घडवण्यात त्या घराने कोणतीही कसूर ठेवली नव्हती. बालविवाहाच्या विचारात आपण मुलीच्या वयाकडे पाहतो. आज्ञाधारक मुलाच्या घडणीकडे तितके पाहत नाही. वास्तविक ती घडण नसती तर मुलीचे वय हा प्रश्नच उपस्थित झाला नसता.

रमाबाईंच्या माहेरची बाजू याहून बोलकी आहे. सासरी पाठवताना वडिलांनी केलेला उपदेश त्यांनी नोंदवला आहे. सासर माणसांनी भरलेले आहे, काहीही झाले तरी सोसावे, आणि घरातल्या कोणाची कागाळी नवऱ्यापाशी करू नये, असा त्याचा आशय. हा उपदेश करणारे वडील प्रेमळ आहेत, आणि लेकीच्या हिताच्या कळकळीनेच ते बोलत आहेत याविषयी वाचकाला संशय येत नाही. लेकीने तो तंतोतंत पाळला. पतीने शिकवायला आरंभ केल्यावर घरातील बायकांनी तिला जो जाच केला तो तिने त्यांच्या कानावर घातला नाही. १९०१ साली रानडे गेले आणि त्यानंतर काही वर्षांनी हे पुस्तक आले. त्यात तो जाच तपशिलाने आला आहे. ज्या कागाळीला आयुष्यभर ओठांवर येऊ दिले नाही ती पती ऐकायला उरला नसताना वाचकांपुढे ठेवली गेली, असे हे विलक्षण रचनासूत्र आहे. ‘आठवणी’ हे पतिचरित्र आहे की आत्मचरित्र, या वादात आपल्या समीक्षेने बरीच शाई खर्च केली. वडिलांच्या त्या एका उपदेशाकडे लक्ष गेले असते तर हा वाद इतका लांबला नसता. मात्र एका जागी रमाबाई मौन सोडत नाहीत. अकराव्या वर्षी आपल्याला द्यावयास नको होते, असे त्या वडिलांविषयी कोठेही म्हणत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा येथे ओझरता उल्लेख पुरेसा आहे, कारण त्या या पेचातून विनोदाच्या वाटेने निसटतात. सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या वडिलांचे जे चित्र पुस्तकाच्या आरंभी येते, ते कोणत्याही मापाने हुकमती संगोपनाचेच आहे. धान्य आणि मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या त्या घरात मुलांचे काय होत असेल, हे सांगताना लेखिका हसते आणि आपल्यालाही हसवते. कठोर घराविषयी बोलणे सोपे असते असा याचा अर्थ घ्यावा काय? मला तसा मोह होतो. ज्या घराने जाच केला त्याची थट्टा करता येते. ज्या घराने लाड केले त्याची थट्टा जिभेवर येत नाही.

आत्मकथनात जे उच्चारणे अवघड झाले ते कथात्म साहित्याने कसे हाताळले? हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये यमूच्या तोंडी प्रथमपुरुषी निवेदन दिले, ते संमतिवयाच्या वादाने महाराष्ट्र ढवळून निघालेला असताना. शीर्षकातील प्रश्नचिन्हातच तक्रार आहे, आणि ती ऐकणाराच नाही हेही तेथेच सांगितलेले आहे. वडिलांचा धाक, आईचे सोसणे आणि भावाची साथ अशी या घराची रचना आहे, आणि यमूला जे शब्द सापडतात ते मुख्यतः भावाच्या सोबतीत. वयाने जवळच्या माणसाशी बोलण्याची मुभा असणे ही संगोपनातील एक स्वतंत्र गोष्ट आहे. पालकांच्या वर्गवारीत तिला जागा नाही. आपट्यांच्या कादंबरीत आहे.

रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘हैमंती’ ही कथा १९१४ साली ‘सबुजपत्र’मध्ये आली. तिची रचना या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक धारदार आहे. डोंगरी मुलखात एकट्या पित्याने मोकळेपणाने वाढवलेली हैमंती लग्नाच्या वेळी सतरा वर्षांची आहे. सासरची माणसे तिचे वय कमी करून सांगू पाहतात आणि ती सरळ सतरा सांगते, कारण खोटे बोलायचे असते हेच तिला वडिलांनी शिकविलेले नाही. संवादी संगोपनाचे इतके शुद्ध उदाहरण भारतीय कथेत विरळा. परंतु ते तिला वाचवत नाही. तिचा नवरा, म्हणजे कथेचा निवेदक, तिच्यावर मनापासून प्रेम करतो आणि वडिलांपुढे तोंड उघडत नाही. लोकांच्या म्हणण्याखातर सीतेचा त्याग करणाऱ्या परंपरेचे रक्त आपल्या अंगात आहे, असे तो स्वतःविषयी कडवटपणे सांगतो. रमाबाईंच्या पुस्तकात जो आज्ञाधारक मुलगा आदरणीय होता तोच येथे कबुलीजबाब देणारा अपराधी झाला आहे. दोन्ही पुस्तके चार वर्षांच्या अंतराने आलेली आहेत. आत्मकथनात रिकामी राहिलेली आरोपीची जागा कथेने भरली, पण तेथे बसवले ते पित्याला नव्हे, पुत्राला.

ही कथा लिहिणाऱ्या माणसाने १९०१ साली आपल्या दोन मुलींची लग्ने केली होती. थोरली माधुरीलता चौदा वर्षांची होती आणि रेणुका दहा. रेणुका १९०३ मध्ये वारली. चरित्राच्या आधारे कथेचा निकाल लावू नये हे मान्य करूनही, ‘हैमंती’तील सर्वांत हृदयंगम व्यक्ती म्हणजे मुलीला उशिरापर्यंत जवळ ठेवणारा बाप आहे, हे वाचताना थबकायला होते. राससुंदरींची आई, रमाबाईंचे वडील आणि रवींद्रनाथ यांच्यात मायेच्या बाबतीत उणे-अधिक ठरवणे शक्य नाही. शिक्षण, जगाचा अनुभव आणि प्रतिभा यांत मात्र मोठे अंतर आहे. आणि तरीही ते अंतर त्या वर्षी उपयोगी पडले नाही.

या सर्वांच्या उलट टोकाला डॉ. रखमाबाई उभ्या आहेत. लग्न त्यांचेही अकराव्या वर्षीच झाले. पण आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात त्यांना वाचता आले, सासरी न जाता राहता आले, आणि मुख्य म्हणजे नको म्हणता आले. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये लावलेला दावा, १८८५ मधील न्यायमूर्ती पिन्हे यांचा रखमाबाईंच्या बाजूचा निकाल, १८८७ मध्ये नांदायला जा अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा असा न्यायमूर्ती फॅरन यांचा आदेश, आणि १८८८ मधील तडजोड हा इतिहास परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट भाषेची आहे. बालविवाहाविरुद्धची त्यांची पत्रे १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त इंग्रजीत आणि ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने छापली गेली. घराने बोलू दिले तरी घराच्या भाषेत आणि स्वतःच्या नावाने बोलणे लगेच जमले नाही. ‘आठवणी’तील मराठी आणि या पत्रांतील इंग्रजी शेजारी ठेवून वाचण्याचा अभ्यास तौलनिक साहित्याच्या वर्गात व्हावयास हवा.

मातृभाषेत आणि स्वतःच्या नावानिशी हे बोलणे आले ते बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकात. भाकरी थापताही न येणाऱ्या वयात सासरी आलेल्या मुली आणि त्यांचा होणारा छळ यांचे वर्णन करताना ही लेखिका आडपडदा ठेवत नाही. वडिलांनी आईला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे घरात कोंडून ठेवले होते, हेही ती सांगते. राससुंदरींची प्रतिमा येथे पुन्हा आली आहे, पण कोंडणाऱ्याच्या नावासह. हे कशामुळे शक्य झाले? एक तर ‘मी’च्या जागी ‘आमुचं’ आले. दोष एका बापाचा न राहता समाजाच्या अवस्थेचा झाला, आणि त्यामुळे बापावर माया ठेवूनही त्याच्याविषयी बोलता आले. दुसरे असे की आंबेडकरी चळवळीने जुन्या घराबाहेर आणखी एक घर दिले, जेथे प्रश्न विचारणे हा बेअदबीचा प्रकार नव्हता. तरीही हे लेखन लेखिकेने कित्येक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते.

आजच्या स्थितीकडे येताना एक आकडा लक्षात घ्यावा लागतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ टक्के आणि पश्चिम बंगालमध्ये ४१.६ टक्के होते. ज्या दोन भाषांनी बालविवाहाविरुद्ध सर्वांत आधी आणि सर्वांत समर्थ लेखन केले, त्यांच्या प्रदेशांतील हे आकडे आहेत. शिवाय घरच्यांनी ठरवलेल्या लग्नांबरोबरच घरातून पळून जाऊन कोवळ्या वयात केलेली लग्नेही आता आहेत. त्यांना जुन्या सुधारणावादी चौकटीत बसवता येत नाही. तेथे मुलांचा कल पालकांच्या इच्छेतून न येता तिच्या विरोधातून येतो.

या नव्या कलाचे सर्वांत परिचित मराठी रूप छापील साहित्यात नसून नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटात आहे. त्याची चर्चा जातीच्या अंगाने झाली, आणि ते योग्यच आहे. पण आर्चीचे संगोपन कोणत्या वर्गात घालावयाचे? पाटलांच्या घरात तिला बुलेट चालवता येते, ट्रॅक्टर चालवता येतो, मुलांशी अरे-तुरे करता येते. इतकी मोकळीक रमाबाईंच्या वा यमूच्या स्वप्नातही नसेल. फक्त एका विषयावर त्या घरात बोलता येत नाही, आणि नेमका तोच विषय उघडकीला आल्यावर तिला शिक्षण, गाव आणि नाव मागे टाकून संसारात उडी घ्यावी लागते. हैदराबादेतील झोपडवस्तीत जी मुलगी स्वयंपाकाशी झटते तिला या वयात संसार करावयाचा होता असे चित्रपटात कोठेही दिसत नाही. तिला पर्श्याशी बोलत राहावयाचे होते. बोलण्याला जागा न उरल्यामुळे लग्न झाले. राससुंदरींच्या आईने मुलीचा प्रश्न मायेने झिडकारला आणि लग्न झाले. येथे प्रश्न विचारताच येत नाही म्हणून लग्न होते. दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतरात कायद्याचे वय बारावरून चौदा आणि चौदावरून अठरा झाले, ओसरीवरच्या त्या बोलण्याचे मात्र फारसे काही झालेले नाही.

मूल झाल्यावर आर्ची आईला फोन करते. घर सोडल्यानंतरचे मायलेकींचे हे बोलणे चित्रपटातील अतिशय हळव्या क्षणांपैकी एक आहे. त्यानंतर काही दिवसांनी भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसे दारात येतात, आणि त्यांच्या हातात आईने पाठवलेल्या भेटी असतात.